चुन्यातली वीट सुटते, सिमेंटातली फुटते: जुन्या घराच्या मालातून नवं घर कसं बांधायचं

भोर तालुक्यात आमचं जुनं घर होतं, चौसोपी वगैरे नाही, साधंच, काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, वर मंगलोरी कौलं, पुढच्या बाजूला आजोबांनी चुन्यात बांधलेली विटांची भिंत आणि मागे वडिलांनी १९८६ साली सिमेंटमध्ये बांधून घेतलेलं स्वयंपाकघर. मागची पाखाडी, म्हणजे छपराची उतरती बाजू, बसली, पावसात राहायची सोय उरली नाही, मग पाडायचं ठरलं. गावात एकाने सांगितलं जेसीबी बोलवा, सकाळी सुरू केला तर संध्याकाळी प्लॉट साफ. आम्ही हाताने उतरवलं, १९ दिवस लागले. त्याच मालातून शेजारीच दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी असं घर उभं केलं. त्यात जे शिकलो, जिथे माती खाल्ली, ते सगळं लिहितोय. कुणाचा गावाकडचा वाडा पाडायला निघाला असेल तर उपयोग होईल.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात लक्षात आली. आजोबांच्या भिंतीची वीट थापीने दोनदा टोकलं की चुना झटकून मोकळी व्हायची, शंभरातल्या ऐंशी तरी अख्ख्या निघाल्या. वडिलांच्या स्वयंपाकघराची वीट मात्र सुटेचना, सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे घाव घातला की सांधा शाबूत आणि वीट दोन तुकडे. वीट तीच, गावच्याच भट्टीतली असावी. म्हणजे माल किती वर्षांचा आहे याच्यापेक्षा तो कशाने जोडलाय हे आधी बघायचं. चुना, माती, पाचर, खुंटी, स्क्रू, बोल्ट असं असेल तर माल परत मिळतो. सिमेंट, वेल्डिंग, आरसीसी असेल तर राडारोडा मिळतो. घरात फिरताना एक वही घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कशाने धरलीय एवढंच लिहा, काय वाचणार आणि काय नाही याचा नव्वद टक्के अंदाज तिथेच येतो.

हात लावायच्या आधी

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत पण टाळू नका. वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, जमिनीची तर घ्याच पण मालाचीसुद्धा घ्या. आमच्याकडे जमिनीवरून कुणी काही बोललं नाही, दिंडी दरवाजाची गणेशपट्टी कुणाकडे जाणार यावरून मात्र दोन चुलत भाऊ आठ दिवस बोलत नव्हते. (शेवटी ती आत्याकडे गेली. आत्यापुढे कोण बोलणार.) ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची पाडायची परवानगी घ्या, आणि पुण्यासारख्या शहरात जुना वाडा हेरिटेज यादीत आहे का ते आधी बघा, असेल तर हा लेख बाजूला ठेवून आर्किटेक्टकडे जा.

सागवान गाडीतून दुसरीकडे न्यायचं असेल तर निघायच्या आधी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन काय कागद लागतो ते विचारून घ्या. घर पाडल्याचा दाखला, उभ्या घराचे फोटो, विकत घेतलं असेल तर पावती, हे सगळं ड्रायव्हरजवळ द्या. जुनं लाकूड आहे हे तुम्हाला दिसतं, नाक्यावरच्या माणसाला फक्त सागवान दिसतं.

पाडणाऱ्या ठेकेदाराशी बोलताना पहिला प्रश्न पैशाचा नको, माल कुणाचा हा विचारा. बरेच ठेकेदार कमी पैशात किंवा उलट तुम्हालाच पैसे देऊन घर उतरवतात, कारण लाकूड आणि लोखंड त्यांच्या वखारीत जातं. आपल्याला माल ठेवायचा असेल तर मजुरी जास्त पडणार, हे धरून चाला. कागदावर लिहून घ्या: लाकूड, कौलं, दगड, फरशी, दारं-खिडक्या मालकाची, पत्रा-भंगार ठेकेदाराचं, किंवा काय ठरेल ते. आणि मजुरांना रोजावर लावा, उक्तं दिलं की पहार चालते आणि कौलं वरून खाली येतात.

आधी माल, मग प्लॅन

ही चूक मी स्वतः केली म्हणून जोर देऊन सांगतो. मी आधी प्लॅन काढून घेतला, त्यात खिडक्या ४ बाय ४, दारं ३ बाय ७, आणि मग जुन्या चौकटी मोजल्या तर दाराची उंची साडेपाच फूट, खिडक्या २ बाय साडेतीन. सगळा प्लॅन परत. उलटं करायचं असतं. घर उतरवून माल मोजा, यादी करा, तुळया किती फुटी आहेत त्यावरून खोलीची रुंदी ठरवा, चौकटींच्या मापावरून भिंतीतली भोकं ठरवा. आमची सगळ्यात लांब चांगली तुळई १२ फुटी निघाली, दोन्ही टोकं भिंतीवर टेकवायला हवीत, म्हणून खोली आतून साडेदहा फुटाची झाली. मुलगी म्हणाली अकरा कर ना, पण तुळई कुठून ताणणार.

बुटकी दारं बदलू नका, वर एक झरोक्याची पट्टी टाकून उंची वाढवता येते, आमच्या मिस्त्रींनी जुन्याच कड्यांच्या (माळ्याच्या फळ्यांखालच्या आडव्या लाकडांच्या) तुकड्यांतून ती केली आणि वाऱ्यालाही सोय झाली. वाड्याच्या दारांना बऱ्याचदा बिजागरी नसते, फळीचंच टोक खाली-वर खोबणीत बसून फिरतं, अशा दाराची चौकट, उंबरा आणि फळ्या एकत्रच उतरवा, वेगळं केलंत तर परत जुळवायला जुन्या पद्धतीचा सुतार शोधत फिराल.

उतरवायचा क्रम

ज्या क्रमाने बांधलं त्याच्या उलट. म्हणजे आधी वीज तोडायची (वायरमन बोलवून, स्वतः नाही), मग कौलं, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या), वासे, आढं (छपराच्या माथ्याचं लाकूड), मग माळ्याच्या फळ्या, कड्या, तुळया, मग दारं-खिडक्या, मग भिंती, शेवटी फरशी आणि जोतं. भिंत पाडताना खांब-तुळयांचा सांगाडा उभा असला तर टेकू द्या. आणि पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका, आम्ही फेब्रुवारीत केलं, लाकूड कोरडं मिळालं आणि ठेवायला मांडव घालता आला.

लाकूड उतरवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका. खडू पुसला जातो, ऑइल पेंट वापरा, आणि नंबर अशा बाजूला टाका जी नंतर दिसणार नाही. मोबाइलवर फोटो काढा, पण कागदावर एक कच्चा नकाशाही काढा कारण तीनशे फोटोंमधून सांधा क्रमांक सतरा शोधणं म्हणजे शिक्षा आहे. जुने सुतार खिळ्यावर नाही, कूस (लाकडाचं कोरलेलं टोक) आणि ती बसायची खाच यांवर घर उभं करायचे, मध्ये पाचर. ती पाचर शोधा, बाहेरून ठोकून काढा, तुळई आपोआप ढिली होते. आमच्या एका मजुराने पाचर न काढता पहार लावली आणि कूस तुटली, फूटभर लाकूड गेलं, तो बिचारा दिवसभर गप्प होता.

लाकूड तपासायचं कसं

जाड स्क्रूड्रायव्हर किंवा आरी घेऊन टोचत जायचं, विशेषतः भिंतीत गाडलेली टोकं, जिथे ओल लागते. साग आतून चांगला असेल तर टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. भस्सकन आत गेलं की तिथपर्यंत कापायचं. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा. भोकं जुनी आहेत की आत अजून कार्यक्रम चालू आहे हे बघायला लाकडाखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा, नवा भुसा पडला की समजायचं.

कीड अगदी वरवर असेल तर बोरॅक्सचं पाणी चालतं: बोरिक ॲसिड १ किलो, बोरॅक्स दीड किलो, कोमट पाण्यात विरघळवून साधारण २५ लिटर करायचं, ब्रशने दोन-तीन हात, मध्ये वाळू द्यायचं. हातमोजे घाला, मुलं आणि जनावरं लांब ठेवा. हे पाण्यात विरघळतं, त्यामुळे पावसात भिजणाऱ्या लाकडाला त्याचा फायदा नाही, आतल्या लाकडालाच वापरा.

मोजमाप घनफुटात होतं. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला १४४ ने भागायचं. ६ बाय ८ ची १२ फुटी तुळई म्हणजे बरोबर ४ घनफूट. पण दोन्ही टोकं फूट-फूट कुजलेली असतील तर ती १० फुटीच धरायची, म्हणजे सव्वातीनच्या थोडं वर. विकत घेताना दुकानदार कुजक्या टोकासकट मोजतो, तिथे भांडायचं. आणि उचलताना लक्षात ठेवा, सागाचा घनफूट साधारण १८ किलो भरतो, म्हणजे ती तुळई सत्तर-पंचाहत्तर किलोची आहे, दोघांनी हिरोगिरी करायची नाही.

मग येतात खिळे. आरागिरणीवाला जुनं लाकूड बघितलं की तोंड वाकडं करतो, कारण लाकडात एक खिळा राहिला तर त्याचं पातं जातं. आमच्या वेळी पहिल्याच तुळईत गेलं आणि पात्याचे पैसे भरावे लागले. त्यानंतर मी एक जोरदार लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक लाकडावरून फिरवला, जिथे ओढ लागली तिथे खडूने खूण, सुताराकडून खिळा काढून मगच गिरणीत. वर डोकं नसलेले, आत मोडलेले खिळे असे सापडतात, डोळ्याने कधीच दिसले नसते.

जुन्या दारांवर ऑइल पेंटचे चार-पाच थर असतात आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून मशीनने कोरडं घासून घरभर धूळ करू नका. पाणी मारून ओलं खरवडा, मास्क चांगला घ्या, खरवड गोळा करून पिशवीत बांधा, चुलीत तर अजिबात टाकू नका. त्याच्या खालचा साग बघितल्यावर कष्ट विसरायला होतात, ते वेगळं. नंतर मी फक्त जवसाचं तेल दिलंय, चकचकीत पॉलिश मुद्दाम नाही.

तुळई परत तुळई म्हणून वापरायची असेल तर एकदा इंजिनिअरला दाखवा. जुन्या खाचा मधोमध आल्या असतील तर तिथे ती कमजोर असते. आमच्या दोन तुळया अशा निघाल्या, त्यांना भार न देता एकीची जिन्याची पायरी आणि दुसरीचा ओटीवरचा बाक झाला.

कौलं

यात सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात जास्त फुटतूट. मंगलोरी कौलांचा कारखाना पहिल्यांदा मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये काढला, नंतर खूप कारखाने निघाले, आणि प्रत्येकाने कौलाच्या मागे आपला शिक्का मारला. तो शिक्का नुसता शोभेचा नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, दिसायला सारखीच पण दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्यात पाणी आत येतं. त्यामुळे उतरवतानाच शिक्क्याप्रमाणे वेगळे ढीग करा. आमच्या छपरावर तीन प्रकारची निघाली, बहुतेक वेगवेगळ्या वर्षी दुरुस्तीला आणलेली, आणि कुठे गळायचं त्याचं कोडं तिथेच सुटलं: दोन शिक्के जिथे भेटायचे तिथेच. आता एका पाखाडीवर एक शिक्का, दुसरीवर दुसरा, तिसरा शिक्का गोठ्यावर.

उतरवताना आधी आढ्यावरची कोनी कौलं काढायची, मग वरच्या रांगेपासून खाली. माणसांची साखळी लावून हातोहात द्यायची, फेकाफेकी नाही. खाली आडवी रचली तर खालची तडकतात, उभी रचायची, पुस्तकं लावतो तशी. तपासायला बोटाच्या गाठीने वाजवायचं, खणकन वाजलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर तडा आहे, दिसत नसला तरी. शेवाळ नारळाच्या काथ्याने किंवा कडक ब्रशने पाण्यात घासून जातं. ॲसिड लावू नका, काहीजण लावतात, कौल छान लाल दिसतं पण वरचा थर खाल्ला जातो.

हिशोब असा: एका चौरस मीटरला साधारण १५ कौलं, म्हणजे शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास धरा. एक कौल अडीच किलोच्या जवळपास, म्हणजे ७०० चौरस फुटाच्या छपरावर हजारभर कौलं आणि अडीच टन वजन. वासे त्या हिशोबानेच हवेत. उतार भोरसारख्या पावसाच्या भागात ३० अंशापेक्षा कमी नको, मिस्त्रींच्या भाषेत फुटाला सात इंच. रिपांमधलं अंतर पुस्तकात बघू नका, तुमच्याच कौलांवरून काढा: अकरा कौलं जमिनीवर खाचेत बसवून लावा, पहिल्याच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंत आधी पूर्ण दाबून मापा, मग पूर्ण ओढून मापा, दोन्हीची सरासरी काढून दहाने भागा. आमचं साडेबारा इंचाच्या जरा आत आलं. दोन-तीन काचेची कौलं मध्ये टाका, दिवसा दिवा लावावा लागत नाही.

विटा

चुना किंवा मातीतली वीट असेल तर बोथट कोयता किंवा जुनी थापी घेऊन बसायचं. आमच्याकडे एक मावशी आणि त्यांची सून बसायच्या, गप्पा मारता मारता दिवसाला तीनशेच्या आसपास विटा साफ करायच्या, माझ्याच्याने शंभरही झाल्या नाहीत. पडलेला चुना फेकू नका, चाळून भरावात टाकता येतो.

तपासणी सोपी आहे. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज हवा. तीनेक फुटावरून मातीच्या जमिनीवर टाका, फुटता कामा नये. जास्त खात्री हवी तर पाच-सहा विटा कोरड्या तोला, २४ तास पाण्यात बुडवा, परत तोला, वजन वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढलं तर ती वीट बाहेरच्या भिंतीला नको. पांढरी बुरशीसारखी पावडर येत असेल तर लोणा लागलाय, जोत्याजवळच्या विटांना हमखास असतो, त्या बाजूला काढा, बागेच्या वाफ्याला लावा. बांधायच्या आधी विटा भिजवायला विसरू नका, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन घेते.

आता मुद्द्याचं. आपण परत सिमेंट-वाळूत बांधलं तर आपल्या नातवंडांच्या हाती तुकडेच येणार. शुद्ध चुना जमला तर उत्तम, पण चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरवावा लागतो, आणि तो करणारा गवंडी मिळणं हा वेगळाच प्रकल्प आहे. (कळीचा चुना विरवताना उकळतो, अंगावर उडाला तर भाजतं, डोळ्यांत गेला तर डोळा जातो, चष्मा घालाच.) आम्ही मधला रस्ता घेतला, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. हा मसाला विटेपेक्षा मऊ राहतो, भिंत हलली तर तडा सांध्यात जातो, विटेत नाही, आणि उद्या उतरवायची वेळ आली तर वीट सुटते. मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "साहेब, चुना टाकून सिमेंट कशाला बिघडवताय?" तिसऱ्या दिवशी थापीवरून मसाला कसा लोण्यासारखा सरकतो ते बघून त्यांनीच वाळू चाळून घ्यायला सुरुवात केली.

विटा कमी पडत असतील तर रॅट ट्रॅप बॉन्ड बघा. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली, त्यांनी बांधलेलं तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज बघायला मिळालं तर जरूर बघा. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, मध्ये पोकळी राहते, पाव हिश्श्याच्या आसपास विटा वाचतात आणि भिंत उन्हात कमी तापते. पण यात विटेची मापं एकसारखी हवीत. जुन्या विटा कमी-जास्त असतात, म्हणून आम्ही एकच भिंत तशी केली, त्यासाठी विटा निवडायलाच दोन दिवस गेले.

दगड आणि माती

जोत्याचे घडीव दगड सोन्यासारखे आहेत, आज तसा दगड घडवून घ्यायला गेलात तर बजेट तिथेच संपेल. ते परत जोत्यालाच लावा. भिंती दगडाच्या करणार असाल तर मात्र थांबा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला जो भूकंप झाला त्यात लोक मेले ते घरांखाली, जाड दगडी भिंती, नुसत्या मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, वर माळवदाचं (मातीच्या सपाट छपराचं) वजन. आमच्या बाजूला कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जुन्या लोकांना अजून आठवतो. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला एक लांब दगड आरपार गेला पाहिजे, कोपऱ्यात दगड एकमेकांत गुंतले पाहिजेत, आणि जोत्याला, खिडकीच्या वरच्या पातळीला सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी पट्टी घ्या. गोलसर धोंडे भिंतीत नको, ते सोलिंगमध्ये (फरशीखालच्या दगडांच्या थरात) घाला. इथे पैसे वाचवू नका.

पांढऱ्या मातीच्या भिंती असतील तर ती माती भिजवून परत वापरता येते, ढेकळं फोडायची, रात्रभर पाणी, मग भाताचा पेंढा बारीक कापून तुडवायची आणि आतल्या भिंतींच्या गिलाव्याला घ्यायची. पहिला थर तडकतोच, घाबरू नका, वाळू जरा वाढवा आणि दुसरा पातळ थर द्या. बाहेरून पावसाच्या बाजूला लावू नका. उरलेली माती शेजाऱ्यांनी शेतात टाकायला नेली.

शहाबादी फरशी वाळू-चुन्यावर बसवलेली असेल तर पहारीने हळूच उचकटून निघते. वरची बाजू झिजली असेल तर उलटवून बघा, खालची बाजू अजून वापरलीच गेलेली नसते! कडा कापून चौकोन नीट करून घ्या, सगळ्या एकाच जाडीच्या मिळणार नाहीत, जाड्या पडवीला आणि पातळ आत.

तुकड्यांचं काय

फुटलेल्या विटा गच्चीवरच्या ब्रिक बॅट कोब्यात (पाणी गळू नये म्हणून घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या थरात) जातात, तिथे तुकडेच लागतात, लोक चांगल्या विटा फोडून घालतात ते बघून वाईट वाटतं. जुन्या स्वयंपाकघराच्या स्लॅबचे तुकडे हातोड्याने फोडून आम्ही सोलिंगला घातले. मोठ्या कामात क्रशरमधून काढलेली अशी खडी वापरायला आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने परवानगी दिली आहे, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीत एम-२५ या दर्जाच्या काँक्रीटपर्यंत २० टक्के. पण गावात हातोड्याने फोडलेला माल आरसीसीत घालू नका, सोलिंग आणि भराव एवढंच. भरावात लाकडाचा भुसा, कागद, मुळं राहिली तर वाळवीला आमंत्रण. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, धुम्मसाने ठोकून दाबणं, मग पुढचा थर. आमची एका कोपऱ्यात घाई झाली आणि पहिल्या पावसानंतर तिथली फरशी बसली, परत उचलली.

फुटक्या चिनी टाइल्स चायना मोझॅकला (तुकडे जुळवून केलेल्या फरशीला) जातात, पांढऱ्या असतील तर गच्ची थंड राहते. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांचं अहमदाबादमधलं 'संगाथ' हे ऑफिस बघा, त्या गोल छपरांवर याच तुकड्यांचं पांघरूण आहे.

काय वापरू नये: आरसीसीतून निघालेल्या सळ्या परत आरसीसीत नको, सरळ भंगारात द्या. जुन्या वायरी, जुने जीआय पाइप नको. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, ते कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत, फोडायचे नाहीत, पाणी मारून अख्खे उतरवून बाजूला ठेवा आणि पालिकेला किंवा पंचायतीला विचारून विल्हेवाट लावा. उरलेला राडारोडा रात्री नदीत किंवा ओढ्यात टाकणारे ट्रॅक्टरवाले मिळतात, त्यांना देऊ नका. मोठ्या कामांना २०१६ च्या नियमांनी काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड-प्लास्टिक, विटा असे वेगळे ढीग करणं सक्तीचं केलं होतं, दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर गेलं की लागू. आपलं घर त्यात बसत नव्हतं, पण ढीग वेगळे केले की गिऱ्हाईक मिळतं, मिसळले की पैसे देऊन उचलावं लागतं.

घरचा वाडा नसेल तर

विकत घ्या. पुण्यात जुना बाजार आणि भवानी पेठेचं टिंबर मार्केट, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचरचा पट्टा, चोर बाजार, दारूखाना. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, नुसतं फिरा. कुणीही बर्मा टीक म्हणाला तर कापलेलं टोक दाखवायला सांगा, कोपऱ्यात रंधा मारून बघा, रंग फक्त वरवर असेल तर पॉलिशची करामत आहे. दाराची चौकट जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजा, अर्ध्या इंचाचा फरक चालेल, दोन इंचांचा असेल तर ती पिळलेली आहे. आणि टेप खिशात ठेवा, "सहा फुटी आहे साहेब" यावर जाऊ नका, साडेपाच असते. पण सगळ्यात स्वस्त माल बाजारात नसतो, जिथे इमारत पाडणं चालू आहे तिथल्या मुकादमाला चहा पाजून मिळतो.

पैशाचं खरं सांगायचं तर मजुरी इतकी गेली की विटांमध्ये आम्हाला काहीच वाचलं नाही, नव्या विटा जवळपास त्याच भावात पडल्या असत्या. कौलांमध्ये थोडं वाचलं. खरी बचत लाकडात आणि जोत्याच्या दगडात. म्हणजे वेळ किंवा हात कमी असतील तर तेवढ्या दोन गोष्टी नक्की वाचवा, बाकी जमेल तसं.

नव्या घरात रिपा खिळ्यांऐवजी स्क्रूने लावल्यात, वासे तुळईला बोल्टने. सुताराला जास्त वेळ लागला, त्याने कुरकुर केली, पण मागच्या वर्षी एक वासा बदलायचा होता तर पाना घेऊन अर्ध्या तासात बदलला.

आणि उरलेली कौलं विकू नका. मला घेणारा आला होता, दीडशे कौलं घराच्या मागे उभी रचून ठेवली होती, भावही बरा देत होता. आमच्याकडे वानरं छपरावरून उड्या मारत जातात आणि दरवर्षी शाकारणीला चाळीस-पन्नास कौलं बदलावी लागतात, तेही त्याच शिक्क्याची. या मे महिन्यात त्रेचाळीस लागली.